ऑटोमेशनमध्ये फाटे किती फोडायचे?

पिंपळगावकर:
पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाऊसचं काम बघतो. गाडी गेटवर आल्यापासून प्रीकूलिंगपर्यंत सगळा फ्लो ऑटोमॅटिक करून घेतलाय, ब्रिक्स (म्हणजे द्राक्षाची गोडी), मण्याची साईज, प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय ते), सगळ्याला इफ-एल्स, म्हणजे असं असेल तर ही वाट, नाहीतर ती. माझं मत, जेवढे फाटे तेवढं बरं, नियम आधीच भरून ठेवले की गेटवर "दादा एवढी गाडी घ्या ना" ही भानगडच राहत नाही. परवा मात्र एक गाडी दीड तास उन्हात उभी. ब्रिक्स १८ च्या वर तर एक्स्पोर्ट, १८ च्या खाली तर लोकल, आणि मीटरवर आलं बरोब्बर १८! फ्लो एरर देऊन गप्प. पण ही चूक अट लिहिणाऱ्याची, पद्धतीची नाही.

सातपूरचा_पीएलसीवाला:
पद्धतीचीच आहे भाऊ. आज १८ सापडला, उद्या मीटरच बंद पडलं आणि रकाना रिकामा आला तर? प्रत्येक फाट्याला शेवटी एक "नाहीतर" लागतोच. बीपीएमएनच्या (कामाचा फ्लो चिन्हांनी काढायची ठरलेली पद्धत) आकृतीत त्या बाणावर छोटी तिरपी रेघ मारतात, डीफॉल्ट फ्लो, कुठलीच अट जुळली नाही की काम तिकडून पुढे सरकतं. तो बाण सुपरवायझरच्या मोबाईलवर न्या. आणि नियम आकृतीत कोंबू नका, वेगळ्या टेबलात ठेवा. हो-नाहीच्या ३ अटी म्हणजे ८ वाटा, चौथी घातली की १६, सीझनमध्ये ते जाळं कोण उलगडत बसणार.

पिंपळगावकर:
टेबलाचं पटलं. पण माणसाकडे वाट ठेवली की पंधरा दिवसांत सगळ्या गाड्या त्याच वाटेनं जायला लागतात, आमच्याकडे तर निम्मे शेतकरी सुपरवायझरचे पाव्हणे.

सातपूरचा_पीएलसीवाला:
मग कारण लिहिल्याशिवाय बटण दाबताच येऊ नये असं करा. पाव्हण्यांसाठी फ्लो आंधळा कशाला ठेवायचा राव.

सिन्नरची_अकाउंटंट:
मला वेगळंच विचारायचंय. ग्रेडिंग आणि कागदांची तपासणी एकाच वेळी चालते का तुमच्याकडे? आमच्या बिलांच्या मंजुरीत असंच होतं, दोन फांद्या सुटायच्या आणि पुढे एकत्र यायच्या, एकीकडे बिल नामंजूर होऊन ती फांदी तिथंच संपली की दुसरी जॉइनपाशी हिची वाट बघत बसायची. एररपण येत नाही, म्हणून कळतच नाही.

पिंपळगावकर:
एकाच वेळी चालते. थांबा, बघतो.

पिंपळगावकर:
९ लॉट अडकलेत ताई. सगळे कागदात नापास झालेले, माल केव्हाच लोकलला विकलाय, आणि स्क्रीनवर अजून "ग्रेडिंग पूर्ण, प्रतीक्षेत". मी नेटला शिव्या देत होतो.