भिंतीवर हाताने केलेली सिरॅमिकची फुलं: माती कुठली आणि लावायची कशी?

शेवंती_डोंबिवली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे ते विचारतेय. आमच्या हॉलमध्ये सोफ्यामागची साधारण दहा फुटांची भिंत अगदी रिकामी आहे. फ्रेम्स नकोत, वॉलपेपर मला आवडत नाही. एका ओळखीच्यांकडे पांढऱ्या सिरॅमिकच्या फुलांची वेल बघितली, खालच्या कोपऱ्यातून निघते आणि वर जाता जाता फुलं लहान होत जातात, तेव्हापासून दुसरं काही डोक्यात येतच नाहीये. विकतची घ्यायची नाहीत, स्वतःच करायची आहेत, वेळ लागला तरी चालेल, पण गणपतीच्या आधी भिंतीवर चढली तर फार बरं होईल कारण तेव्हा सगळं घर येतं.

आमच्याकडे गणपतीची मूर्ती घरीच करतो त्यामुळे शाडू हाताला सवयीची आहे. शाडूची फुलं करून नीट वाळवून रंगवली तर चालतील का? की भट्टी लागतेच? आणि लावायची कशी, डबल टेपने राहतील का? बिल्डिंग नवीन आहे, भिंती सगळ्या काँक्रीटच्या, साधा खिळा ठोकला तर वाकडा होऊन खाली पडतो. करून बघितलेल्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

मातीचे_हात (पुणे)
शेवंतीताई, विषय एकदम जिव्हाळ्याचा काढलात. मोठा प्रतिसाद होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी शाडूचं. शाडू मूर्तीसाठी उत्तम कारण ती विसर्जनात विरघळावी हीच अपेक्षा असते. फुलाच्या पातळ पाकळीला ती नाही चालायची, नुसती वाळलेली माती ही कच्चीच माती, साफसफाई करताना कापड जरा अडकलं की पाकळीचा तुकडा हातात, आणि पावसाळ्यात दमट हवेने रंगाखालून भुसभुशीत होते. सिरॅमिक म्हणजे भाजलेली माती. साधारण सहाशे डिग्रीच्या आसपास मातीच्या कणांमधलं रासायनिक बांधलेलं पाणी निघून गेलेलं असतं, त्यानंतर ती परत कधी चिखल होत नाही. त्यामुळे भट्टी हवीच. पण स्वतःची नको! पुण्या-मुंबईत बरेच पॉटरी स्टुडिओ बाहेरच्या लोकांचं काम भाजून देतात, आधी फोन करून विचारा. ते पहिला प्रश्न विचारतील की माती कुठली, आणि त्याला कारण आहे. स्टोनवेअर (भाजल्यावर दगडासारखी घट्ट होणारी माती) १२०० डिग्रीच्या वर भाजतात, टेराकोटा म्हणजे आपली कुंड्यांची लाल माती हजारच्या आत. लाल माती चुकून १२०० च्या भट्टीत गेली तर ती बसते, वितळते, खालच्या शेल्फला चिकटते आणि दुसऱ्यांचं कामही खराब होतं. म्हणून जिथे भाजणार तिथूनच माती विकत घ्या, सगळ्यात सोपं.

तुम्हाला पांढरी वेल हवी तर स्टोनवेअर घ्या. एक लक्षात ठेवा, ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत ती साधारण १० ते १२ टक्के आकसते. भिंतीवर साडेचार इंचाचं फूल हवं असेल तर ओलं पाच इंचांचं करायला लागतं. आणि मागे दोन भोकं ठेवली असतील तर त्यांच्यातलं अंतरही आकसतं, म्हणून फुलं भाजून हातात येईपर्यंत भिंतीला ड्रिल लावूच नका.

आता पाकळी. लाटण्याने पोळी लाटून साच्याने पाकळ्या कापायच्या हे बरेच व्हिडिओ दाखवतात, मला ती फुलं निर्जीव वाटतात, सगळ्या पाकळ्यांची जाडी एकसारखी होते ना. त्यापेक्षा सुपारीएवढा गोळा घ्या, तळव्यावर ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्या. कड पातळ होते, देठाकडे जाड राहते, खऱ्या पाकळीसारखी. कड जरा चिरली तर ओलं बोट फिरवा, सगळ्याच चिरा मात्र घालवू नका, जास्वंदीची कड तशीच असते. मग टूथपिकने देठापासून कडेकडे बारीक शिरा ओढा. जोडताना दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या रेघा मारून त्याच मातीचा दाट चिखल लावायचा आणि दाबायचं, नुसतं पाणी लावून चिकटवलेली पाकळी वाळताना सुटते. वर्तमानपत्राचा बोळा करून त्यावर फूल उताणं ठेवा म्हणजे पाकळ्यांचा उठाव बसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फूल भिंतीवर कसं लटकणार हे माती ओली असतानाच ठरवा. भाजल्यावर मागे काहीतरी चिकटवू म्हणणाऱ्यांची फुलं पडतात. मी फुलाच्या मागे सेंटीमीटरभर जाडीची गोल चकती जोडते आणि ती जरा घट्ट झाली की तिच्यात वरून निमुळतं, खालून रुंद असं भोक कोरते, स्क्रूचं डोकं खालच्या भागातून आत जातं आणि फूल खाली ओढलं की वरच्या चिंचोळ्या भागात अडकतं. आकसणं धरून भोक थोडं मोठंच कोरा. चकतीमुळे फूल भिंतीपासून थोडं पुढे राहतं आणि मागे सावली पडते, ती सावलीच तर हवी असते.

चकती जड वाटली तर तारेची कडी ओल्या मातीत रुतवता येते, पण तार नायक्रोमची हवी, विजेच्या शेगडीच्या कॉइलमध्ये असते तीच. तांब्याची तार १०८५ डिग्रीला वितळते, अ‍ॅल्युमिनियमची तर त्याच्या कितीतरी आधी.

पावसाळ्यात वाळायला वेळ लागेल पण ते चांगलंच आहे, पातळ कड आधी आणि जाड देठ नंतर वाळला की तडे जातात, म्हणून एरवीही आम्ही वरून प्लॅस्टिक टाकून सावकाश वाळवतो. भाजायला देण्याआधी फूल गालाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. ओलं फूल भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं, शेजारच्यांनाही घेऊन जातं.

कलाशिक्षिका_नाशिक
वरचा प्रतिसाद फार आवडला. एक वेगळा पर्याय सांगते. आमच्या वेळी सिरॅमिक पावडर फेव्हिकॉलमध्ये मळून फुलं करायचे क्लास गल्लोगल्ली होते, प्लायवरची म्युरल्सही आम्ही त्यातच आणि एम-सीलमध्ये करायचो. भट्टी लागत नाही, हवेवर कडक होतात, वजनाला हलकी. गणपतीपर्यंत करायचं असेल आणि भट्टीवाला जवळ नसेल तर हे जरूर करा. माझ्याकडची जुनी फुलं काचेच्या फ्रेममध्ये आहेत, अजून शाबूत आहेत. कॉर्नफ्लोअर घालून करतात ती मात्र करू नका, त्यांना पावसाळ्यात बुरशी येते.

मातीचे_हात (पुणे)
मॅडम, मान्य, नाजूक शेवंती-मोगऱ्यासारखी फुलं त्यात जितकी बारीक होतात तितकी भाजलेल्या मातीत होत नाहीत. फक्त उघड्या भिंतीवर धूळ बसणार आणि ती पुसायला लागणार, तिथे मला भाजलेलीच भरवशाची वाटतात, ग्लेझ केलेलं, म्हणजे वर काचेसारखा थर भाजून चढवलेलं फूल ओल्या ब्रशने बिनधास्त घासता येतं. फेव्हिकॉलच्या फुलांना पाणी लावायची सोय नाही. तुमची काचेमागे आहेत ते उत्तमच.

रत्नांग्रीकर
आमच्याकडे टेराकोटाची फुलं आहेत, पडवीच्या भिंतीवर. टेराकोटा सच्छिद्र असतो, भिंतीला ओल असली तर ती ओढून घेतो आणि पाठीवर लोणा म्हणजे क्षारांचे पांढरे डाग उमटतात. म्हणून कोकणात लावायचं तर बाहेरून पाऊस झोडपतो त्या पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, आतल्या पार्टिशनच्या भिंतीवर लावा. आणि डबल टेपचा विचारही मनात आणू नका ताई. टेप फुलाला घट्ट धरून ठेवतो पण रंग भिंतीला धरून ठेवत नाही, आषाढात डिस्टेंपरच्या पापुद्र्यासकट फूल खाली येतं.

अवजारपेटी (ठाणे)
लावायचं मी सांगतो, रोजचं काम आहे. ताई, तुमची बिल्डिंग मिवानची दिसतेय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या फॉर्मवर्कमध्ये भिंती न् स्लॅब एकदमच ओततात ती. तिथे खिळा जाणारच नाही, साधं ड्रिल पण रडतं. रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणारं मोठं ड्रिल लागतं, भाड्याने मिळतं नाहीतर इलेक्ट्रिशियनला अर्ध्या दिवसासाठी बोलवा. चार-साडेचार इंचाचं फूल दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास भरेल, त्याला ६ एमएमचं भोक, ६ चीच गिट्टी (भोकात बसवायचा प्लॅस्टिकचा प्लग) आणि एक स्क्रू भरपूर झाला. स्क्रूचं डोकं भिंतीपासून ४-५ एमएम बाहेर ठेवा, भोकात अडकायला तेवढी जागा लागते.

ज्यांच्याकडे सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या भिंती आहेत त्यांनी उलटी काळजी घ्या, तिथे हॅमर मोड बंद ठेवून भोक पाडायचं, नाहीतर भोक मोठं होतं आणि गिट्टी फिरत बसते, आणि गिट्टी लांब घ्यायची. वरून जिप्समचं प्लास्टर असेल तर त्याची जाडी हिशेबात न धरता गिट्टी आतल्या भिंतीत जाईल एवढं खोल जा. स्विचबोर्ड आणि एसी पॉइंटच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत भोक नको, वायर तिथूनच जातात.

भाडेकरू_वाकड
धागा वाचतेय आणि हळहळतेय, आमच्या घरमालकांना एक भोक चालत नाही. काही उपाय आहे का?

अवजारपेटी (ठाणे)
आहे की. १२ एमएम प्लायची पट्टी किंवा मोठा बोर्ड कापून घ्या, भिंतीच्याच रंगात रंगवा, फुलांचे स्क्रू सगळे त्या प्लायमध्ये मारा. बोर्ड कन्सोल नाहीतर शू-रॅकवर भिंतीला टेकवून उभा करायचा, फक्त पायाशी सरकू नये म्हणून रबराच्या गुंड्या लावा. घरात लहान मुलं असतील तर मात्र नुसता टेकवून ठेवू नका, मालकांना विचारून वरच्या टोकाला दोन स्क्रू माराच. घर बदललं की अख्खी बाग टेम्पोत.

शेवंती_डोंबिवली
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ठरलं, स्टोनवेअर. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत फोन केला, ते माती पण देतील आणि भाजून पण देतील. सोनचाफा आणि जास्वंद अशी दोनच फुलं आणि पानं करायची ठरवलीयत. रंगाचं अजून अडलंय. भिंत आत्ता फिकट क्रीम आहे, फुलं पांढरी केली तर दिसतील का? की भिंतच गेरूसारखी रंगवून घेऊ? आणि मांडणी आधी कशी ठरवायची?

मातीचे_हात (पुणे)
गेरू रंगाची भिंत आणि पांढरी फुलं, डोळे मिटून करा. वारली चित्रात आपण तेच बघत आलोय, गेरूवर तांदळाच्या पिठाचं पांढरं, ती जोडी कधी फसत नाही. क्रीमवर पांढरं पण सुंदर दिसतं, पण तिथे सगळा खेळ सावलीचा, उजेड बाजूने यायला हवा, खिडकीतून किंवा भिंतीलगतच्या दिव्यातून. समोरून ट्यूबलाइट पडत असेल तर फुलं भिंतीत विरघळून जातात.

ग्लेझ दाट अपारदर्शक पांढरं घेऊ नका, टूथपिकने ओढलेल्या सगळ्या शिरा त्यात बुडतील. जरा पारदर्शक, मंद चमकेचं घ्या, ते पाकळीच्या खोलगट भागात साचून तिथे गडद दिसतं आणि कडेला पातळ राहून खालची माती डोकावते. मागच्या चकतीला ग्लेझ अजिबात लावायचं नाही, जिथे लागेल तिथे फूल शेल्फला चिकटेल. आणि सगळी फुलं द्यायच्या आधी एक-दोन फुलं करून स्टुडिओकडून पूर्ण भाजून आणा, ग्लेझ ओलं असताना जे दिसतं त्याचा भट्टीतून निघालेल्या रंगाशी काही संबंध नसतो.

मांडणीसाठी वर्तमानपत्र चिकटवून भिंतीएवढा कागद करा, जमिनीवर पसरा, फुलं त्यावर मांडून बघा. दोन-तीन दिवस राहू द्या तसंच, जाता-येता हलवत राहा. फुलं सारख्या अंतरावर नका ठेवू, एका ठिकाणी तीन-चार गर्दी करून आणि मग मोकळी जागा अशी वेल खरी वाटते. सोफ्यावर बसलेल्याचं डोकं कुठे येतं ते बघून तेवढी जागा रिकामी सोडा, तिथे पाकळ्या मोडतात. मग प्रत्येक फुलाच्या भोकाची खूण कागदावर करायची आणि कागद भिंतीला लावून खुणांवरूनच ड्रिल मारायचं. प्रत्येक खुणेशेजारी नंबर लिहा आणि तोच नंबर फुलाच्या मागे पेन्सिलने, नाहीतर कुठलं कुठे होतं ते सापडत नाही.

आणि हो, मातीचं काम झाल्यावर फरशी कोरडी झाडू नका, ओल्या कापडाने पुसा. मातीच्या धुळीत सिलिका असते, छातीत जायला नको.

अवजारपेटी (ठाणे)
कागद लावून ड्रिल मारायची आयडिया एक नंबर, धूळही कागदावरच पडते. फक्त कागद लावायला मास्किंग टेप घ्या, साधी सेलोटेप नको, रंग ओढते. आणि गेरूचा रंग मारणार असाल तर तो आधी, पूर्ण सुकू द्या आठवडाभर, मग भोकं.