वादळात आडव्या झालेल्या मकेचा पंचनामा ड्रोनने करावा का?

येवला_मळेकरी:
परवाच्या वादळी पावसात आमच्या शिवारातली मका झोपली. पंचनामा झाला तो असा: बांधावर उभं राहून मोबाइलवर चार फोटो, अंदाजाने एक टक्का, आणि चला पुढच्या गटात. माणसांना दोष देत नाही. एकेका तलाठ्याकडे कितीतरी गावं, आणि आठ फुटी आडव्या मकेत शिरायचं म्हणजे पात्यांनी हात-तोंड कापून निघतं. पण आमच्या गटात बांधालगतच्या ओळी उभ्या आहेत आणि मधे जिथे पाणी तुंबलं होतं तिथला पट्टाच्या पट्टा लोळलाय. बांधावरून तो दिसतच नाही.

सरकारी मदत मिळते ती नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच. तीस आणि पस्तीसमधला फरक बांधावरून कसा कळणार? आधी पीक विम्यात स्थानिक आपत्तीची (फक्त आपल्याच शेतावर आलेल्या संकटाची) तक्रार 72 तासांत करता यायची. 2025 च्या खरिपापासून राज्याने तो ट्रिगर, म्हणजे भरपाई मागायचं ते कारण, काढलं आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळातली काही निवडक शेतं कापून काढलेल्या सरासरीवर ठेवली. मंडळाचं सरासरी उत्पादन बरं आलं की माझ्या गटातलं वादळ त्यात विरून जातं. म्हणजे आमच्यासाठी उरला तो हा पंचनामाच.

म्हणून माझं मत ठाम आहे. प्रत्येक महसूल मंडळात फोटोचा ड्रोन हवा, वादळानंतर दोन दिवसांत उडायला हवा आणि त्याचा नकाशा पंचनाम्याला जोडायला हवा. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

चांदवड_कृषीपदवीधर:
दादा, तुमची तळमळ समजते, पण माझा विरोध आहे. ड्रोनला वरून झाड झुकलेलं दिसतं. ते मुळापासून कललंय की कांडीत मोडलंय, हे त्याला दिसत नाही. आणि सगळा हिशोब तिथेच आहे.

तुरा यायच्या आधी मका मुळाशी कलली तर चार-सहा दिवसांत ताट बुंध्याजवळ वाकून पुन्हा वर उठतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मका मुद्दाम आडवी करून प्रयोग झाले होते, 1988 साली ते छापून आले. 10 ते 12 पानांची असताना पडलेल्या मकेचं उत्पादन 2 ते 6 टक्क्यांनीच घटलं, 17 पानांनंतर पडलेल्या मकेचं 13 ते 31 टक्क्यांनी. शेत दोन्ही वेळा सारखंच झोपलेलं. आता कणसाच्या खाली कांडीत मोडलेलं ताट घ्या. ते गेलंच, पण दोन दिवस हिरवंगार राहतं. झाडाचा हिरवेपणा मोजणारा कॅमेरा त्याला निरोगी म्हणतो.

म्हणजे दुसऱ्या दिवशीचा नकाशा काही ठिकाणी नुकसान फुगवून दाखवेल, काही ठिकाणी लपवेल. त्यावरून पैसे ठरले तर ज्याची मका आतून मोडली तोच मारला जाईल.

खरं मोजायचं असेल तर टेप घ्या. ओळीतलं अंतर दोन फूट असेल तर 22 फूट ओळ म्हणजे एकराचा हजारावा भाग. 60 बाय 20 सेंटिमीटरवर लागवड असेल तर तेवढ्यात 33 च्या आसपास ताटं बसतात. त्यातली किती मोडली, किती कलली, ते मोजा. शेतात पाच-सहा ठिकाणी हे केलं की बांधावरच्या अंदाजापेक्षा कितीतरी खरा आकडा हातात येतो. खर्च शून्य.

येवला_मळेकरी:
ताई, टेपेचं पटलं. पण त्या पाच-सहा जागा कोण निवडणार? बांधाजवळच्याच निवडल्या तर पुन्हा तेच. आणि मी हिरवेपणाचं बोलतच नाहीये. उंचीचं बोलतोय. एकावर एक येणारे फोटो जोडले की पिकाच्या उंचीचा नकाशा तयार होतो. आठ फुटांची मका कुठे तीन फुटांवर आली, ते त्यात पट्ट्यासकट दिसतं. त्या पट्ट्यात जाऊन ताटं मोजा ना!

मालेगाव_कोरडवाहू:
मला तंत्राची अडचण नाही, मालकीची आहे. आज कृषी सहायक टक्का कमी लिहायला लागला तर त्याला हाताला धरून आत नेता येतं, चार पंच साक्षीला उभे राहतात. उद्या यंत्राने 29 टक्के सांगितले की साहेब म्हणणार, नकाशात आलंय, आमच्या हातात काही नाही. दाद कुणाकडे मागायची? तो फोटो मला मिळणार का, की ठेकेदार कंपनीकडेच राहणार? गरीब कोरडवाहू शेतकऱ्याचा आवाज आधीच बारीक आहे. हे लिखित ठरल्याशिवाय ड्रोन आमच्या शिवारात नको.

आयोवाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे 10 ऑगस्ट 2020 च्या वादळात लाखो एकर मका-सोयाबीनला फटका बसला, उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाज काढले गेले. पण तिथे एकेक शेत शेकडो एकरांचं. आमच्याकडे वीस गुंठे माझे, वीस भावाचे, मधे बांधही धड नाही. नकाशातला पट्टा कुणाच्या सातबाऱ्यावर पडणार?

दिंडोरी_ड्रोनताई:
मी बचत गटाचा ड्रोन चालवते. गावोगाव ड्रोन आलेत, तेच वापरा असं लोक म्हणतात, म्हणून लिहिते. बचत गटांना सरकारी योजनेत मिळालेले ड्रोन फवारणीचे आहेत. टाकी असते, नकाशा करायचा कॅमेरा आणि सॉफ्टवेअर नसतं. ओळीने, एकावर एक येतील असे फोटो काढणं हे निराळं काम आहे. वारा वाहत असेल तर पानं हलतात, फोटो नीट जुळत नाहीत. पाऊस चालू असेल तर उडवायचाच नाही. दोन दिवसांची मुदत घातली आणि झड चार दिवस राहिली तर काय करणार?

तरी मी ड्रोनच्याच बाजूने आहे. एकदा नाही, दोनदा उडवा. वादळानंतर लगेच एकदा, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. जे उठलं ते कललेलं होतं, जे उठलं नाही ते मोडलेलं. ताईंच्या निम्म्या शंकेचं उत्तर त्यात आहे.

चांदवड_कृषीपदवीधर:
निम्म्याच. मिशी फुटायच्या वेळेला पडलेली मका थोडीफार उठते, पण झाडावर झाड पडल्याने परागीभवन बिघडतं आणि कणसं अर्धी रिकामी राहतात. दुसऱ्या नकाशात ते शेत बरं दिसेल. पंचनाम्यात पीक कोणत्या अवस्थेत पडलं ते लिहिलंच पाहिजे, मग ड्रोन असो की नसो. उंचीच्या नकाशावरून मोजायच्या जागा निवडायच्या, एवढ्यापुरता माझा विरोध मागे. टक्का मात्र माणसानेच आत शिरून लिहायचा.

निफाड_बागायतदार:
ड्रोन उडवायला ओझर विमानतळाच्या 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांच्या वर गेलं की लागते. देवळालीकडे लष्कराची हद्द. त्या गावांच्या परवानग्या पावसाळ्याआधीच काढून ठेवा.

सिन्नर_दूधवाला:
तुमचा वाद चालू द्या, पण दाणा चिकात असेल तर पडलेली मका मुरघासाला चालते, आणि ती फार दिवस थांबत नाही. चिखलात टेकलेली ताटं सडायला लागतात. दुसऱ्या उड्डाणासाठी दहा दिवस थांबा म्हणाल तर माझ्या गाईंचा चारा गेला. आणि कापली तर नुकसान दाखवायला रान रिकामं. माझ्यासारख्याला पहिल्या फोटोवरच कापायची लेखी मोकळीक द्या.

येवला_मळेकरी:
भाऊ, हा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. ग्रामसभेत मांडायच्या ठरावात घेतो. पहिल्या उड्डाणानंतर कापणीला मोकळीक, उंचीच्या नकाशावरून निवडलेल्या जागी 22 फुटांची मोजणी, पिकाची अवस्था नोंदवणं, आणि फोटोची प्रत गटनंबरासह शेतकऱ्याला. मालेगावच्या दादांनी दाद मागण्याचं कलम लिहून द्यावं, ते मला नीट जमणार नाही. 33 टक्क्यांच्या आसपास आकडा आला तर शेतकऱ्यासमोर फेरमोजणी, एवढं त्यात असावंच.

मालेगाव_कोरडवाहू:
लिहून देतो. पण बांध नसलेल्या सामाईक गटांचं काय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.