बर्लिन बचावातली १४ खेळ्यांची बरोबरी: पांढऱ्याने वाट कुठे बदलावी?

प्यादेपंथी: क्लासिकल (संथ वेळेचा) डाव, रुय लोपेझ सुरुवातीतला बर्लिन बचाव (काळ्याचं ३... घोडा एफ६). १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ घोडा एफ६ ४. कॅसलिंग घोडा×ई४ ५. डी४ घोडा डी६ ६. डी×ई५ घोडा×बी५ ७. ए४ घोडा बी-डी४ ८. घोडा×डी४ डी५ ९. ई×डी६ घोडा×डी४ १०. वजीर×डी४ वजीर×डी६ ११. वजीर ई४+ वजीर ई६ १२. वजीर डी४ वजीर डी६, मग पुन्हा तेच. पांढऱ्याला खरंच दुसरं काही नाही? आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा आली म्हणून बरोबरीचा दावा पंचांकडे कधी करायचा?

उंटजोडी: १०व्या खेळीनंतर विशेष काही उरत नाही. वजिरावजिरी केलीत तर प्यादी सहा-सहा, पण काळ्याकडे दोन उंट आणि तुमचा घोडा अजून बी१वरच. काळ्यालाही मोकळीक नाही म्हणा. १२. वजीर डी४नंतर हत्ती ई१ येऊन त्याचा वजीर राजासमोर खिळणार (बाजूला झाला तर राजाला शह, म्हणून हलता येत नाही), आणि एफ८चा उंट हलवला की जी७चं प्यादं पडतं. म्हणून तो डी६लाच परततो.

जिंकायचं असेल तर ६. उंट×सी६ डी×सी६ ७. डी×ई५ घोडा एफ५ ८. वजीर×डी८+ राजा×डी८ खेळा. लंडन, २०००च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हला क्रॅमनिकविरुद्ध बर्लिन एकदाही फोडता आलं नाही हे खरं, पण काळ्याचं कॅसलिंग गेलेलं असतं आणि सी स्तंभात प्यादी दुहेरी. राजाच्या बाजूला तुमची चार प्यादी, त्याची तीन. सगळी मोहरी उतरली तर उरलेला प्याद्यांचा अंत्यडाव बहुतेकदा तुमचाच. फक्त एच३-जी४ची घाई नको. काळ्याचा एच५ बसला की एच८चा हत्ती जागच्या जागी कामाला लागतो.

चौसष्टघरे: एवढी थिअरी (आधी पाठ केलेल्या खेळ्या) नको असेल तर कॅसलिंगऐवजी ४. डी३. मोहरी पटावर राहतात, डाव लांबतो. आणि बर्लिन म्हणजे हमखास बरोबरी असंही नाही. सोची, २०१४च्या जगज्जेतेपद लढतीतल्या ११व्या डावात आनंद काळ्या मोहऱ्यांनी बर्लिनच खेळला आणि हरला.

घड्याळबंद: दाव्याचं. तीच स्थिती १०, १२ आणि १४व्या खेळीनंतर येते. काळ्याला दावा करायचा तर १४... वजीर डी६ फक्त कागदावर लिहायचं, वजिराला हात लावायचा नाही, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. हात लागला की त्या खेळीपुरता हक्क गेला. काळ्याने खेळी करून टाकली, तर पांढऱ्याने स्वतःची खेळी करण्याआधी दावा करायचा. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात. पाचव्यांदा तीच स्थिती आली की मात्र दाव्याची गरज नाही, डाव तिथेच बरोबरीत संपतो.