फिशमील गेलं, अळीपेंड आली? अहो, जरा दमानं

पेंडवाला: कालच्या धाग्यात ‘हरितमित्र’ लिहून गेलेत, "काळ्या सैनिक माशीच्या अळ्या ओला कचरा खातात, फुकटात 50 टक्के प्रथिन देतात, फिशमीलचा विषय संपला." फिशमील म्हणजे मासळी वाळवून केलेलं पीठ, मत्स्यखाद्यातलं प्रथिन. कुठून आले हे 50? प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि 6.25 ने गुणते. अळीच्या कातडीतल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, तो माशाच्या अंगी लागत नाही. अळीला 4.76 च्या आसपासच गुणक लावायचा. म्हणजे 8 टक्के नायट्रोजनचे 50 नव्हे, 38. पोत्यावरच्या आकड्यावर विसंबून चिलापी (तिलापिया) माशाचं 30 टक्के प्रथिनांचं खाद्य बसवलंत, तर मासा वाढणार नाही आणि दोष मत्स्यबीजाला द्याल.

आणि फुकट? 100 किलो ओल्या कचऱ्यातून, हात बसलेला असेल तर, 15-20 किलो जिवंत अळी. वाळवून 5-6 किलो. तेल काढलं की हाती चारेक किलो. वाळवणीचं इंधन कोणाच्या खिशातून?

हरितमित्र: नॉर्वेत सॅमनच्या खाद्यातलं फिशमील पूर्ण काढून अळीचं पीठ घातलं, वाढ घटली नाही. युरोपने 2017 मध्ये मत्स्यखाद्यात परवानगी दिली ती काय उगाच?

पेंडवाला: त्या खाद्यात मुळात फिशमील 10 टक्केच होतं, ते गाळलंत. माशाचं तेलही होतंच. अळीच्या चरबीत लॉरिक आम्ल, म्हणजे संपृक्त चरबी, भरपूर. भाजीपाल्यावर वाढलेल्या अळीत ईपीए-डीएचए (माशाच्या तेलातली ओमेगा-3) जवळजवळ नाहीच. शिवाय त्याच युरोपात हॉटेलचं खरकटं अळीला घालायला बंदी आहे. तुमचा सगळा डोलारा खरकट्यावर!

कोंडाकुट्टी: दोघांनी शेडमध्ये पाय ठेवलाय का? कचऱ्यातला ओलावा 70 टक्क्यांच्या वर गेला की अळ्या ट्रेच्या भिंतींवर चढून पळतात. थर जाड टाकला की त्यांच्याच उष्णतेने तापमान 40 पार. काळी पडेपर्यंत ठेवली तर कायटिन वाढतं, पांढरट असतानाच काढा. उकळत्या पाण्यातून दोन-चार मिनिटं काढून मगच वाळवा, नाहीतर पीठ काळपटतं. पावसाळ्यात ऊन नाही, म्हणजे माश्यांचं मीलन नाही, म्हणजे अंडी नाहीत. योग्य दिवे लागतात. तेल न काढलेलं पीठ जास्त घातलंत तर एक्स्ट्रूडरमध्ये (खाद्याच्या गोळ्या पाडणाऱ्या यंत्रात) मिश्रण घसरतं, गोळी फुलत नाही आणि तरंगायच्या ऐवजी बुडते.

दर्यावर्दी: टक्केवारी पुरे. फिशमीलला माल कुठून येतो ते बोला. तारली आणि कुटा, म्हणजे जाळ्यात येणारी बारीकसारीक मासळी! ज्या पिल्लांची पुढच्या वर्षी सुरमई झाली असती ती गिरणीत जातात. 2017 पासून एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडायला बंदी आहे, रात्री समुद्राकडे बघा, बंदी दिसते का. घेर टाकून अख्खा थवा उचलणाऱ्या पर्ससीन जाळीवाल्यांना विचारणारं कोणी नाही.

खलाशी_नंबर_एक: आलं पर्ससीन! कुटा येतो ट्रॉलमधून, म्हणजे बोटीमागे ओढत नेलेल्या जाळ्यातून, साहेब. खोल्याला (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला) 40 मिमी चौकोनी आस (भोक) लावायला सांगितलं की तुमचेच लोक आत दुसरं बारीक जाळं शिवतात.

दर्यावर्दी: ‘तुमचेच’ कोण? नाव घ्या.

खलाशी_नंबर_एक: खोला उलटा करून बघा, नाव आपोआप दिसेल.

पेंडवाला: ही मारामारी दुसऱ्या धाग्यात करा. रोहू-कटलावाला तर शेंगदाणा पेंड आणि कोंडा घालतो, फिशमील त्याच्या वाऱ्यालाही नाही. पंगस माशाच्या खाद्यातही भर सोयापेंडीवरच. अळीची खरी गिऱ्हाईकं कोळंबी आणि मत्स्यबीज.

हरितमित्र: म्हणजे कोळंबीत चालेल, एवढं तरी कबूल?

पेंडवाला: तेल काढलेलं, थोडंसं फिशमील बदलून, मेथिओनिन (प्रथिनातलं एक गरजेचं अमिनो आम्ल) वरून घालून, आणि दर फिशमीलइतका उतरला तर. आज तो चढाच आहे. एवढ्या अटींना कबुली म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

कोंडाकुट्टी: अळी कॅडमियम (विषारी धातू) अंगात साठवते, ती अट राहिली. कचरा कुठला, ते आधी तपासा.

दर्यावर्दी: एलईडीचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.