क्लोन वॉर्स – चिप आल्यामुळे ऑर्डर ६६ ची धार गेली असं कुणाला वाटतं का? (स्पॉयलर आहेत)

कंदीलवाला
स्टार वॉर्सचे पिक्चर सगळे बघितलेत पण ॲनिमेशनच्या वाटेला गेलो नव्हतो, २००८ चा तो क्लोन वॉर्सचा पिक्चर अर्ध्यात सोडला होता, जबाचं पोरगं पळवतात तो. आता मित्राने फारच डोकं खाल्लं म्हणून सिरीज लावली. पहिला सीझन रेटला, मग मजा यायला लागली, आणि चौथ्या सीझनचं अंबारा कालच संपवलं. बाप रे. जेडाय (लाइटसेबरवाले योद्धे) जनरल क्रेल सांगतो की समोरून येणारे आपलीच चिलखतं घातलेले शत्रू आहेत आणि ५०१ तुकडीचे क्लोन (एकाच माणसाच्या नकला असलेले सैनिक) आपल्याच २१२ तुकडीवाल्यांना मारत सुटतात, त्यांचा कॅप्टन रेक्स एकाचं हेल्मेट काढून बघतो तर आत आपलाच चेहरा. कार्टून म्हणे!

पण मित्राने पुढचं फोडलं. म्हणे सहाव्या सीझनमध्ये कळतं की सगळ्या क्लोनांच्या डोक्यात आधीपासून चिप असते आणि ऑर्डर ६६, म्हणजे सगळ्या जेडायना मारा हा हुकूम, आली की ती चालू होते. मला हे पटत नाहीये राव. रिव्हेंज ऑफ द सिथमध्ये क्लोन कमांडर कोडी आपल्या जेडाय जनरलला, ओबी-वानला, त्याचं लाइटसेबर परत देतो, दोघं मस्त बोलतात, आणि थोड्या वेळात तोच कोडी त्याला उडवायला सांगतो. अंगावर काटा येतो तो याचसाठी ना, की हुकूम म्हटला की माणूस कुठल्याही थराला जातो. आता म्हणायचं बिचाऱ्याच्या डोक्यात यंत्र होतं? मग दोष कुणाचाच नाही. पुढे बघू की इथेच थांबू?

शेवटचा_पदवान
थांबू नको भावा, तुझं उत्तर तू आत्ता बघून आलास त्या अंबारामध्येच आहे. फाइव्ह्ज आणि जेसी या क्लोनांनी हुकूम मोडला, त्यांना गोळ्या घालायला उभं केलं तर बाकीच्यांनी मुद्दाम नेम चुकवला, नंतर सगळ्यांनी मिळून जनरललाच धरला. ही पोरं होलोग्राममधल्या म्हाताऱ्याने (पॅल्पटाइनने) दोन शब्द बोलल्यावर आपल्या जेडायवर बंदूक रोखतील? चिप नसती तर मी म्हटलं असतं लेखक झोपले होते.

पिक्चरमध्ये क्लोन म्हणजे नुसती पांढरी गर्दी होती. सिरीजने त्यांना नावं दिली, केसांच्या तऱ्हा, टॅटू, प्रत्येकाचा वेगळा स्वभाव, आणि आवाज सगळ्यांचा एकट्या डी ब्रॅडली बेकरचा, म्हणजे रेक्स आणि फाइव्ह्ज भांडतात तेव्हा तो माणूस स्वतःशीच भांडतोय, हे मला अजून झेपत नाही. जेडाय प्लो कूनचं घे. पिक्चरमध्ये त्याचं विमान त्याच्याच मागचे क्लोन पाडतात, काही सेकंदांचा सीन, आपल्याला नावसुद्धा माहीत नसतं. सिरीजच्या अगदी सुरुवातीला हाच माणूस क्लोनांसोबत एस्केप पॉडमध्ये अडकतो, ते म्हणतात आम्ही काय, आम्ही तर मरायलाच बनवलेलो, आणि हा म्हणतो माझ्या लेखी नाही. आता परत पिक्चर बघ आणि तो सीन सहन होतो का सांग.

धूळ_आणि_ड्रॉइड
वरच्याशी अर्धाच सहमत. कंदीलवाला, चिपमुळे क्लोन सुटतात हे खरं, पण जेडाय सुटत नाहीत, ते उलट जास्त अडकतात. फाइव्ह्ज सहाव्या सीझनच्या सुरुवातीलाच चिप शोधून काढतो, ओरडून ओरडून सांगतो, त्याला वेडा ठरवतात आणि मारतात. त्याच सीझनमध्ये पुढे 'द लॉस्ट वन' आहे. मेलेल्या जेडाय सायफो-डायसच्या जुन्या जहाजाचा माग काढता काढता जेडाय काउन्सिलला कळतं की हे सैन्य बनवण्यामागे शत्रूचा म्होरक्या डूकू होता, म्हणजे ज्याच्याशी लढतोय त्यानेच सैन्य दिलंय. आणि ही एवढी शहाणी मंडळी करतात काय? गप्प बसतात. लोकांचा विश्वास उडेल म्हणून. तेच सैन्य घेऊन पुढच्या लढाईला. मग दोष कुणाचाच नाही असं कसं? शिवाय दुप्पट वेगाने वाढवलेली, वयाने दहा-बारा वर्षांची पोरं आहेत ती, त्यांना लढायचंय का म्हणून कुणी विचारलं होतं?

चिप मला आवडत नाही ती वेगळ्या कारणासाठी. फार सोयीची आहे. काढली की माणूस स्वच्छ. म्हणून बॅड बॅच या पुढच्या सिरीजमधला क्लोन क्रॉसहेअर मला जास्त आवडतो, तो म्हणतो माझी चिप कधीच काढलीये आणि तरी ऑर्डरनंतर आलेल्या एम्पायरला चिकटून राहतो. आणि त्याच सिरीजच्या 'द सॉलिटरी क्लोन' भागात कोडी, हो तुझा तोच कोडी, एम्पायरचं काम करता करता हादरतो, आपण जे निवडलं त्याचं ओझं आपल्यालाच वाहायचंय अशा अर्थाचं बोलतो आणि निघून जातो. लेखकांनाही हा प्रश्न छळत असणार, नाहीतर हे भाग लिहिलेच नसते.

निळा_लाइटसेबर
लोकहो तो चौथ्या सीझनवर आहे 😂 आता अनाकिनच्या शिष्येचं, अहसोकाचं, पण सगळं सांगून टाका, मग बघायलाच नको

कंदीलवाला
सांगा हो, आता उरलंय काय लपवायला. डूकूचं माहीत नव्हतं, ते जबरदस्त आहे, पिक्चरमध्ये योडाबद्दल जो आदर वाटतो त्यालाच तडा. चिप अजून गळी उतरली नाही पण बघतो पुढे. क्रमाचं काय करू? हेव्ही नावाचा क्लोन पहिल्या सीझनला मेला आणि तिसऱ्या सीझनला त्याचं ट्रेनिंग चालू, मला वाटलं दुसराच कुणी आहे.

मागची_बाकी
टीव्हीवर आले तो क्रम आणि गोष्टीचा क्रम वेगळा आहे, पण सगळा घोळ पहिल्या तीन सीझनांत, तू त्यातून पार झालास. आता सरळ बघत जा. पाचव्याचा शेवट एकट्याने बघ, एवढंच सांगते. त्यानंतर २०१३ ला डिस्नेने सिरीज गुंडाळली, उरलेले तेरा भाग सहावा सीझन म्हणून २०१४ ला नेटफ्लिक्सवर आले आणि सातवा थेट २०२० ला, म्हणून सातव्यात चित्रच एकदम वेगळं दिसतं, अंधार-उजेड तर पिक्चरसारखा. शेवटचे चार भाग रिव्हेंज ऑफ द सिथ चालू असतानाच घडतात. खलनायक मॉल आणि अहसोकाच्या मारामारीसाठी रे पार्कला मोशन कॅप्चरला बोलावलं होतं, १९९९ चा मॉल तोच, हालचालीत लगेच कळतं.

आणि तुझ्या मुद्द्याबद्दल. ऑर्डर येते तेव्हा रेक्सच्या हातातून हेल्मेट पडतं, बंदुका धरलेले हात थरथरतात, डोळ्यांत पाणी, आणि तेवढ्यात तो अहसोकाला कसंबसं फाइव्ह्जचं नाव सांगतो. कोडी पिक्चरमध्ये थंडपणे हुकूम देतो ते भयानक आहेच, पण आतला माणूस जागा असताना हात ऐकत नाहीत हे मला जास्त भयानक वाटलं. बॅड बॅच त्याच्यानंतरच लाव, पहिल्याच भागात परत ऑर्डर ६६ आहे.

धूळ_आणि_ड्रॉइड
तो सीन मलाही मान्य. तरी चिप सोयीचीच. कंदीलवाला, सातवा संपवून तुझं मत बदललं नाही तर इकडे ये, आपण दोघं होऊ.