काथ्याकूट: आफ्रो-लॅटिनो म्हणजे वंश, एथ्निसिटी की देश?

निंबोणी

आमच्या लॅबमध्ये महिन्यापूर्वी एक मुलगी रुजू झाली. आईवडील डॉमिनिकन रिपब्लिकचे, हिचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधला. रंग गडद, केस दाट कुरळे. दुसऱ्याच दिवशी ती फोनवर आईशी स्पॅनिशमध्ये भांडत होती. फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "अगं, स्पॅनिश इतकं छान कुठे शिकलीस?" ही म्हणाली, "आईच्या पोटात." बाईंना कळेना. त्यांच्या डोक्यात काळी म्हणजे काळी आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मुळं असलेली, ती गव्हाळ, सरळ केसांची. दोन्ही एकाच अंगात कसं मावेल? अशा दोन्ही असलेल्यांनाच आफ्रो-लॅटिनो म्हणतात.

मग जेवणाच्या सुट्टीत वाद झाला आणि मी नेहमीप्रमाणे मध्ये पडले. माझं म्हणणं असं की इथे प्रश्न तीन आहेत आणि आपण त्यांचा एकच लगदा करतो. लोक तुमच्याकडे बघून तुम्हाला कोणत्या रांगेत उभं करतात, तो वंश. कोणती भाषा, कोणते सण, कुणाच्या हातचं जेवण यात वाढलात, ती एथ्निसिटी. आणि पासपोर्ट कुठला, ते राष्ट्रीयत्व. 'लॅटिनो' हा वंश नाहीच. त्यात काळे, गोरे, मूळनिवासी, लिमातले चिनी, साओ पावलोतले जपानी, सगळे येतात.

मराठीत तर आणखी पंचाईत. 'वंशाचा दिवा' मधला वंश म्हणजे कूळ, 'वंशद्वेष' मधला वेगळा, आणि 'वांशिक दंगल' मधला तिसराच. एका शब्दाला तीन नोकऱ्या.

उदाहरण हवं तर बेसबॉलवाला रोबेर्तो क्लेमेंते घ्या. १९३४ साली पोर्तो रिकोत जन्म. तिथल्या लोकांना १९१७ पासूनच अमेरिकन नागरिकत्व आहे, म्हणजे गडी जन्मानं अमेरिकन, रंगानं काळा, भाषेनं स्पॅनिश. बेसबॉल खेळाडूंच्या चित्रकार्डांवर कित्येक वर्षं त्याचं नाव 'बॉब' छापलं जायचं, आणि पत्रकार त्याचे उच्चार जसेच्या तसे छापून त्याची इंग्रजी हास्यास्पद करायचे. एकाच माणसाला तीन वेगळ्या कारणांनी तीन ठिकाणी टोचलं गेलं. तुमचं काय मत?

तिरकस

ताई, मांडणी सुबक आहे, पण ही सगळी खोकी अमेरिकेच्या गोदामातली आहेत. 'काळ्या रक्ताचा एक थेंब असला की माणूस काळा' हा तिथला जुना नियम. कॅरिबियनमध्ये आणि ब्राझीलमध्ये लोक असा हिशोब करत नाहीत. ब्राझीलमध्ये १९७६ च्या सरकारी पाहणीत लोकांना 'तुमचा रंग तुम्हीच सांगा' म्हटलं, तर १३६ वेगवेगळे शब्द निघाले. कुणी दालचिनी, कुणी कॉफी, कुणी गव्हाळ. एकाच आईची दोन मुलं वेगवेगळ्या रंगांत मोजली जातात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

तुमच्या मैत्रिणीची आजी सांतो डोमिंगोत असेपर्यंत फक्त डॉमिनिकन असते. चार तासांचं विमान करून न्यूयॉर्कला उतरली की एकदम 'ब्लॅक'. विमानात नक्की काय खायला देतात?

आणि हो, ब्राझीलवाले पोर्तुगीज बोलतात. अमेरिकन सरकारच्या व्याख्येत ते 'हिस्पॅनिक'मध्ये, म्हणजे स्पॅनिश मुळांच्या लोकांत, बसतच नाहीत. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या आफ्रो-लॅटिन देशालाच तुमच्या खोक्यात जागा नाही!

दर्यावर्दी

तिरकसराव, रंगाला १३६ शब्द असणं म्हणजे भेद नसणं नव्हे. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत गोरी, उजळ, गव्हाळ, निमगोरी, सावळी एवढे शब्द का लागतात? कुणी मोजतंय म्हणूनच ना?

शिवाय 'आफ्रो' हे अमेरिकेनं चिकटवलेलं लेबल म्हणता तर जहाजांचा हिशोब बघा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिकपार सुमारे १ कोटी २५ लाख माणसं गुलाम म्हणून चढवली गेली, जिवंत उतरली सुमारे १ कोटी ७ लाख. त्यातली ४८ लाखांच्या आसपास एकट्या ब्राझीलला. आज जो अमेरिका देश आहे तिथे थेट उतरली ती चार लाखांहूनही कमी. म्हणजे ही गोष्ट मुळात लॅटिन अमेरिकेची आणि कॅरिबियनची आहे, अमेरिका हा त्यातला एक कोपरा. गुलामगिरी क्यूबात १८८६ ला संपली, ब्राझीलमध्ये १८८८ ला, अमेरिकेच्याही वीसेक वर्षं नंतर. मग हे सगळे लोक गेले कुठे?

मेक्सिकोचं ऐका. तिथे गुलामगिरी बंद केली ती १८२९ मध्ये, विसेंते गेर्रेरो राष्ट्राध्यक्ष असताना. त्याच्या स्वतःच्या पूर्वजांत आफ्रिकी होते. आणि 'तुम्ही स्वतःला आफ्रो-मेक्सिकन समजता का' हे तिथल्या सरकारनं लोकांना पहिल्यांदा कधी विचारलं? २०१५ साली. मग २०२० च्या जनगणनेत सुमारे २५ लाख लोकांनी 'हो' म्हटलं, लोकसंख्येच्या २ टक्के. तोवर शाळेत शिकवलं जायचं की मेक्सिकन म्हणजे स्पॅनिश अधिक मूळनिवासी, हिशोब पूर्ण. गेर्रेरो आणि ओआहाका या राज्यांच्या किनाऱ्यावरच्या काळ्या माणसांना रस्त्यात अडवून, "मेक्सिकन आहेस? मग राष्ट्रगीत म्हणून दाखव" असं सांगितल्याच्या कितीतरी तक्रारी आहेत. त्यांच्या खिशात ओळखपत्र होतंच की. चेहरा पुरला नाही.

मिरचीभजी

म्हणजे ही जातच झाली. नाव वेगळं.

निंबोणी

मिरचीभजी, कृपा करून गाडी जातीवर नेऊ नका, पाचशे प्रतिसाद होतील आणि लॅटिन अमेरिका राहील बाजूला. जात चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून आडनाव विचारतात. इथे चेहराच आडनाव आहे. एवढ्यावर थांबू.

तिरकस

दर्यावर्दी, इतिहास मान्य. वाद नावाचा आहे. प्यू या संस्थेच्या २०२० च्या पाहणीवरून अमेरिकेत आफ्रो-लॅटिनो प्रौढ सुमारे ६० लाख. छान. पण त्यातल्या सातातल्या एकानं त्याच पाहणीत स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हटलंच नाही! म्हणजे 'आफ्रो-लॅटिनो' आहे पण 'लॅटिनो' नाही. निंबोणीताई, याला तुमच्या तीन कप्प्यांतल्या कुठल्या कप्प्यात ठेवू?

दुसरं. २०१० च्या जनगणनेत स्वतःला निव्वळ गोरे सांगणारे हिस्पॅनिक होते २ कोटी ६७ लाख. २०२० ला उरले १ कोटी २६ लाख. दहा वर्षांत एवढी माणसं उन्हात उभी होती का? फॉर्ममधली लिहायची जागा बदलली, उत्तरं नोंदवण्याची पद्धत बदलली, आणि माणसांचा वंश बदलला. जी गोष्ट फॉर्मच्या रकान्यागणिक बदलते तिला 'ओळख' म्हणायचं?

सातासमुद्रापार

तिरकस, आपल्या स्वतःच्या बाबतीतही हेच झालंय. अमेरिकेच्या १९२० ते १९४० च्या जनगणनांमध्ये 'हिंदू' हा चक्क वंश होता, त्यात शीख आणि मुसलमानही मोजले जात. १९२३ मध्ये पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यांचा मुद्दा होता की शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन, आणि कायदा गोऱ्यांना नागरिकत्व देतो. न्यायालय म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, साध्या माणसाला तुम्ही गोरे वाटत नाही. त्या निकालानंतर आधी मिळालेलं नागरिकत्वही कित्येक भारतीयांकडून काढून घेतलं. पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीय गोऱ्यांत धरले, आणि १९८० ला त्यांच्यासाठी 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला. माझे काका १९६८ ला आले. काही न करता ते बारा वर्षांत एका वंशातून दुसऱ्यात गेले, आणि वरणभात तोच खात होते.

पण यावरून माझा निष्कर्ष तुमच्या उलटा आहे. रकाना खोटा असेल, थिंडांचं गेलेलं नागरिकत्व खरं होतं.

दर्यावर्दी

अगदी! आणि म्हणूनच निंबोणीताईंशीही माझं थोडं भांडण आहे. तीन प्रश्न वेगळे, हे कागदावर. डॉमिनिकन रिपब्लिकमध्येच बघा. १९३७ मध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या सैन्यानं हैतीच्या सीमेवर हजारो हैतियन कापले. सांगतात की सैनिक हातात कोथिंबिरीसारख्या पार्स्लेची जुडी धरून विचारायचे, याला काय म्हणतात? स्पॅनिश शब्दातला 'र' ज्याच्या जिभेवर नीट वळला नाही तो हैतियन. म्हणजे दोघं काळे, शेजारच्या गावचे, फरक एका अक्षराचा. तिथल्या ओळखपत्रांवर सावळ्या लोकांचा रंग कित्येक दशकं 'इंदिओ' (म्हणजे मूळनिवासी) लिहिला जायचा, कारण 'काळा' हा शब्द सीमेपलीकडच्यांसाठी राखीव.

आणि २०१३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं निकाल दिला की १९२९ नंतर कागदपत्रं नसलेल्या परदेशी आईबापांच्या पोटी जन्मलेले नागरिकच नव्हेत. फटका बसला तो मुख्यतः हैतियन वंशाच्या लोकांना, ज्यांनी हैती कधी पाहिलीही नव्हती. पुढच्या वर्षी कायदा करून थोडी डागडुजी झाली, पण सगळ्यांसाठी नाही. सांगा, इथे राष्ट्रीयत्व हा वेगळा कप्पा कुठे राहिला?

सुपारीबाग

अवांतर, पण राहवत नाही. मी बेळगावचा. हल्याळच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक सिद्दी आजोबा होते, म्हणजे पूर्वज आफ्रिकेतले, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मागून एका प्रवाशानं इंग्रजीत विचारलं, "व्हेअर आर यू फ्रॉम?" आजोबांनी कोंकणीत कंडक्टरला सांगितलं, "ह्याला कुठे उतरायचंय विचार, वाट चुकलेला दिसतोय." उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं ते २००३ मध्ये. निंबोणीताईंच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई आपल्याकडेही बसने हिंडतात.

तिरकस

सुपारीबाग, हा मस्त होता. पण बघा, ते आजोबा स्वतःला 'आफ्रो-कोंकणी' म्हणत नाहीत. सिद्दी म्हणतात. माझा मुद्दा एवढाच आहे: लोकांचा स्वतःचा शब्द असताना बाहेरचा जोडशब्द कशाला?

निंबोणी

कारण प्रत्येक ठिकाणी स्वतःचा शब्द आदराचा नसतो, तिरकस. कोलंबियात १९९३ च्या कायदा क्रमांक ७० नं पॅसिफिक किनाऱ्यावरच्या काळ्या समाजांना त्यांच्या जमिनींवर सामूहिक हक्क दिला. 'आम्ही एक समाज आहोत' हे आधी म्हणावं लागलं, तेव्हा सातबारा मिळाला. दालचिनी आणि कॉफी म्हणून जमीन मिळत नाही.

दर्यावर्दी, तुमचा टोला मात्र लागला. मी कप्पे फार नीटनेटके केले होते. आता अमेरिकेतही मार्च २०२४ मध्ये ठरलंय की वंश आणि हिस्पॅनिक हे दोन प्रश्न एकत्र करून एकच प्रश्न विचारायचा, हव्या तेवढ्या खुणा करा. काही आफ्रो-लॅटिनो अभ्यासकांचा त्याला विरोध आहे. त्यांची भीती अशी की 'काळा' आणि 'लॅटिनो' एकाच यादीत शेजारी आले की लोक त्यातलं एक निवडतील आणि मोजणीत हे लोक पुन्हा गायब.

आज मुद्दाम त्या मुलीला विचारलं की तू काय करणार. ती चिमट्यानं स्लाइड उचलत म्हणाली, "दोन्हीवर खूण करणार, त्यात काय. फॉर्मचं मला टेन्शन नाही. जुलैत आजीकडे जायचंय आणि ती दारातच म्हणणार, हे वाईट केस घेऊन आलीस? जा आधी पार्लरमध्ये." केसांना त्यांच्याकडे खरंच 'वाईट' म्हणतात. कुरळे म्हणजे वाईट, सरळ म्हणजे चांगले.

तिरकस

म्हणजे आजी माझ्या बाजूनं. तिला आफ्रो नकोय.

दर्यावर्दी

आफ्रो नसेलच तर पार्लर कशाला लागतं, हे विचारा आजीला.

मिरचीभजी

पार्लरचा खर्च कोण देतं, आजी की नात?

निंबोणी

आजी. आणि बाहेर येईपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसते म्हणे.