पुजाऱ्याला सोबत घेऊन मानसोपचार: भामरागड-एटापल्लीत चालेल का?

रानवाटा: गडचिरोलीतल्या माडिया आदिवासींच्या गावांत कुणी रात्र-रात्र बडबडू लागलं, जेवण सोडलं, की घरचे आधी पुजाऱ्याकडे जातात. दवाखाना नंतर, तोही जमलं तर. सरकारी मनोरुग्णालय नागपूरला. भामरागडहून नुसतं गडचिरोली गाठायलाच सुमारे 180 किलोमीटर. पुजाऱ्याला वगळून उभारलेली सेवा इथे ओस पडणार, असं माझं स्पष्ट मत. त्याला शिकवा, मानधन द्या, उपचाराच्या चमूत घ्या. गडचिरोलीजवळचं शोधग्राम बघा. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, असं लोक म्हणाले. म्हणून तिथे झोपडीवजा खोल्या, सोबत घरची माणसं आणि दवाखान्याला नाव माँ दंतेश्वरीचं. मनाच्या आजाराला हेच का नको?

सडेतोड: झोपड्या बांधा, देवीचं नाव द्या, कोण अडवतंय? पण पुजारी उपचाराच्या चमूत? स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मनाच्या आजारात, उशीर झाला की आजार चिवट होतो. कोंबडं झालं, बकरं झालं, तोवर घर कर्जात. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर. आता मागच्या दाराने त्यांनाच मानधन? आणि संस्कृतीच जपायची तर पाळीच्या दिवसांत बायकांना कुर्माघरात बसवतात, तेही जपायचं का?

रानवाटा: कुर्माघराचं समर्थन मी कुठे केलं? कायद्याचा रोख मारहाण, अघोरी प्रकार, उपचारांपासून अडवणं यावर आहे. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना आजार ओळखायला शिकवलं, आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसवला. दुआही चालू, गोळ्याही चालू.

सिस्टर_ताई: तुमचा पुजारी जरा बाजूला ठेवा. ओपीडीत सासू येते, तिचं माडिया मराठीत सांगायला सोबत सून. सासूचं दुखणं घरातलंच. ती सुनेच्या तोंडून काय सांगणार? "पोट दुखते" म्हणते. केसपेपरवर पोटदुखी, हातात ॲसिडिटीची गोळी. मला माडिया बोलणारी, पगारी, गावात राहणारी मुलगी द्या. दुसरं म्हणजे गोळ्या. पंधरा दिवसांच्या मिळतात, मग "साठा नाही, जिल्ह्याला जा". गोळी बंद, आजार परत. मग गाव म्हणतंच, पुजारीच खरा.

सडेतोड: ताई, हे शंभर टक्के मान्य. मग पैसा तिथेच लावा ना, पुजाऱ्याच्या प्रशिक्षणावर कशाला?

कोयतोर: आमच्या पुजाऱ्याचं काय करायचं यावर तुम्ही दोघं मस्त भांडताय. न्यूझीलंडमध्ये 1907 साली कायदा करून तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या तोहुंगांवर, म्हणजे पारंपरिक वैद्य-पुजाऱ्यांवर, बंदी घातली, ती 1962 ला उठली. पुढे इरिहापेटी राम्सडेन या माओरी परिचारिकेने मांडलं की सेवा सुरक्षित आहे की नाही, हे सेवा घेणारा ठरवेल. इथे आम्हाला कोण विचारतं? पुजारीही सगळे सारखे नसतात. कोण औषधाचा जाणकार, कोण नुसता दारूला चटावलेला, गावाला बरोबर माहीत असतं. ग्रामसभेला निवडू द्या.

आणि भीतीचं काय? इकडून पोलिस, तिकडून नक्षलवादी, यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. 'खबऱ्या' ठरवून ज्याचा भाऊ मारला, तो समुपदेशकाच्या सरकारी वहीसमोर तोंड उघडेल? ती वही उद्या कोण वाचणार, हे आधी सांगा. झोपडी गोल की चौकोनी, ते नंतर बघू.

सडेतोड: वहीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, पण कागदावरचा हक्क तिथे किती पोचतो कोण जाणे. पुजाऱ्याबद्दल मात्र मत तेच: ग्रामसभेने निवडला तरी मानधन नको. रुग्ण पाठवला तर आभार माना.

रानवाटा: दिवस मोडून तो रुग्णासोबत तालुक्याला येणार, आणि तुम्ही आभार मानणार? निदान बसभाडं तरी द्या.

सिस्टर_ताई: बसभाड्याचं बिल मंजूर कोण करणार, तेही ठरवा. आणि कोयतोरदादा, वही कुलपात ठेवायची तर आमच्या उपकेंद्रात कपाट एकच आहे, त्यात लसीकरणाची रजिस्टरं. चावी सगळ्यांकडे.